खोऱ्याच्या पाणी-आराखड्यात मासे, पक्षी आणि खुद्द नदी यांना स्थान कसे द्यावे?

प्रश्न : समन्वयिका

सप्रेम नमस्कार.

एका मध्यम आकाराच्या नदीखोऱ्यासाठी पाणी आणि भूप्रदेश यांच्या व्यवस्थापनाचा दीर्घ मुदतीचा आराखडा तयार होत आहे आणि त्यासाठी स्थापन झालेल्या सहभागी समितीच्या समन्वयाचे काम मी करते. समितीवर शेतकरी आहेत, पाणीपुरवठा यंत्रणा आणि जलविद्युत केंद्र यांचे प्रतिनिधी आहेत, मच्छीमार आहेत, वनविभागाचे अधिकारी आहेत आणि काठावरच्या वस्त्यांतील रहिवासीही आहेत. सभांमध्ये मतभेद होतात, पण सदस्य एकमेकांचे ऐकून घेतात आणि ठराव बहुतेक वेळा सहमतीने होतात. असे असूनही आमच्या मसुद्यातील एक उणीव मला फार खटकते. ज्यांचे संपूर्ण आयुष्य या पाण्यात किंवा त्याच्या काठावर जाते, त्या मासे, शिंपले, पाणवनस्पती, काठची झाडे आणि पाणथळीवर उतरणारे पक्षी यांचा उल्लेख 'पर्यावरण' या एका शब्दात उरकलेला आहे. आणि तोही माणसांच्या सर्व गरजांची बेरीज मांडून झाल्यावर, शिल्लक पाण्याच्या सदराखाली.

मागील सभेत या विषयावर तीन सूचना आल्या. मानवेतर सजीवांची आठवण राहावी म्हणून सभेत एक खुर्ची रिकामी ठेवावी, असे एका सदस्याने सुचवले. प्रत्येक सभेत एका सदस्याने नदीच्या वतीने बोलावे, असे दुसऱ्याने सुचवले. नदीला कायदेशीर व्यक्तित्व मिळावे यासाठी समितीने शासनाकडे मागणी करावी, असे तिसऱ्याचे म्हणणे होते. तिन्ही सूचनांमागील तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांपैकी कोणत्याही सूचनेमुळे धरणाचा दरवाजा वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या प्रमाणात उघडला जाईल का, हे मला स्वतःला सांगता आले नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. मानवेतर सजीवांच्या वतीने कोणी बोलावे आणि कशाच्या आधारावर बोलावे? त्यांच्या गरजा आपसांत भिडल्या, म्हणजे एका जातीला हवे असलेले पाणी दुसऱ्या जातीला घातक ठरले, तर समितीने काय करावे? आणि हा सहभाग तोंडदेखला राहू नये यासाठी आराखड्यात नेमके काय लिहिले गेले पाहिजे?

उत्तर १ : विधिपक्ष

तिसऱ्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयी अपेक्षाही फार आहेत आणि गैरसमजही.

निसर्गातील घटकांना न्यायालयात स्वतःच्या नावाने उभे राहता यावे, हा विचार आधुनिक कायद्यात १९७२ मध्ये अमेरिकी विधिज्ञ क्रिस्टोफर स्टोन यांनी विस्ताराने मांडला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी एका खटल्यातील आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात त्याचा आधार घेतला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कंपनी बोलत नाही, जहाज बोलत नाही, तरीही कायदा त्यांना पक्षकार मानतो. मग नदीला का मानू नये? इक्वाडोरने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाचे हक्क मान्य केले, आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला पर्वतापासून समुद्रापर्यंतचे एक अखंड आणि जिवंत अस्तित्व म्हणून कायदेशीर व्यक्तित्व दिले.

व्हांगानुईचा कायदा आपण बारकाईने वाचावा, असे मी आग्रहाने सुचवेन, आणि त्याचे कारण त्यातील घोषणेपेक्षा त्यातील रचना हे आहे. नदीच्या वतीने बोलण्यासाठी दोन व्यक्तींचे एक पद आहे. त्यांपैकी एका व्यक्तीचे नामनिर्देशन नदीकाठच्या माओरी, म्हणजे तेथील मूलनिवासी, समाजांकडून होते आणि दुसरीचे शासनाकडून. या पदाला सल्ला देणारा एक छोटा गट आहे. त्याशिवाय स्थानिक संस्था, शासकीय विभाग, नदीचा व्यवसायासाठी किंवा करमणुकीसाठी वापर करणारे आणि पर्यावरणाचे काम करणारे, अशा जास्तीत जास्त १७ सदस्यांचा एक गट नदीसाठी धोरण तयार करतो. नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी वेगळा ठेवलेला आहे. म्हणजे बोलणारा नेमलेला आहे, त्याला सल्लागार आहेत, त्याच्याजवळ पैसा आहे आणि निर्णय घेणाऱ्या इतरांना त्याचे म्हणणे विचारात घेण्याचे बंधन आहे. याच कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. नदीच्या वरच्या भागातील पाणी जलविद्युत योजनेसाठी वळवले जाते आणि त्यासाठी आधीच मिळालेले परवाने या कायद्याने रद्द झाले नाहीत. व्यक्तित्व मिळाले म्हणून पाणी आपोआप परत येत नाही.

रचनेशिवाय नुसते व्यक्तित्व दिले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले आणि काही शासकीय पदाधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले. नद्या अनेक राज्यांतून वाहतात, मग एका राज्याच्या अधिकाऱ्यांचे पालकत्व कोठपर्यंत पोहोचते, आणि पुरात कोणाचे नुकसान झाले तर भरपाईचा दावा पालकांवर होणार का, असे प्रश्न घेऊन राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१७ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. अमेरिकेत टोलीडो शहराच्या मतदारांनी २०१९ मध्ये ईरी सरोवराला हक्क देणारी तरतूद मंजूर केली. पुढच्याच वर्षी संघीय न्यायालयाने ती अतिशय मोघम असल्याचे कारण देऊन रद्द केली.

याउलट स्पेनमधील मार मेनोर या खाऱ्या पाण्याच्या सरोवराचे उदाहरण मला आशादायक वाटते. शेतीतून वाहून येणाऱ्या खतांमुळे तेथील पाण्यातील प्राणवायू संपून २०१९ मध्ये हजारो मासे काठावर येऊन मेले होते. त्यानंतर ६ लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्यांनी पुढे आलेला प्रस्ताव २०२२ मध्ये कायदा झाला, त्यात प्रतिनिधींची समिती, देखरेख करणारे मंडळ आणि वैज्ञानिक समिती अशा तीन पायऱ्या ठरवल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. सरोवराच्या वतीने कोणतीही व्यक्ती दाद मागू शकते, ही त्यातील तरतूद महत्त्वाची आहे, कारण नेमलेला प्रतिनिधी गप्प बसला तरी दार बंद होत नाही.

आपल्या समितीच्या हातात कायदा करणे नाही. पण प्रतिनिधी कोण, त्याला माहिती मिळवण्याचा अधिकार किती, त्याच्या कामाचा खर्च कोठून होणार आणि त्याने काम केले नाही तर जाब कोण विचारणार, ही चार उत्तरे आपल्या कार्यपद्धतीत लिहून ठेवण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

उत्तर २ : डोहाकाठी

विधिपक्ष यांनी रचनेविषयी लिहिले आहे ते मला मान्य आहे. मात्र नद्यांतील अपृष्ठवंशीय प्राण्यांचे सर्वेक्षण करणारी अभ्यासक म्हणून मला त्याच्याही आधीच्या टप्प्याविषयी लिहावेसे वाटते. कोणाच्या वतीने बोलायचे असेल तर त्याचे आयुष्य कसे चालते हे आधी ठाऊक असले पाहिजे, आणि नदीतील बहुतेक सजीवांचे आयुष्य आपल्या हिशेबाच्या वर्षात बसत नाही.

युरोपातील नद्यांमध्ये आढळणारा गोड्या पाण्यातील मोत्याचा शिंपला घ्या. हा प्राणी १०० वर्षांहून अधिक जगू शकतो. मादी सोडते त्या सूक्ष्म अळ्यांना सॅमन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटावे लागते; तो मासा भेटला नाही तर अळी मरते. कित्येक महिने माशाबरोबर प्रवास केल्यावर बारीक शिंपला गळून तळाशी पडतो आणि पुढची सुमारे पाच वर्षे वाळू-गोट्यांमध्ये गाडलेल्या अवस्थेत वाढतो. त्या काळात गोट्यांमधील फटींतून ताजे, प्राणवायूयुक्त पाणी झिरपत राहिले पाहिजे. वरच्या बाजूच्या उघड्या पडलेल्या जमिनीवरून बारीक गाळ वाहून आला, की त्या फटी बुजतात आणि पिल्ले गुदमरतात. मोठे शिंपले मात्र तळावर उभे राहून पाणी गाळत राहतात. सर्वेक्षण करणारा वरून मोजतो, शेकडो शिंपले भरतात आणि 'संख्या समाधानकारक' अशी नोंद होते. प्रत्यक्षात त्या ठिकाणी कित्येक दशकांत एकही नवीन शिंपला वाढलेला नसतो.

समन्वयिकाताई, तुमच्या समितीत या शिंपल्याच्या वतीने कोणी बोलणार असेल, तर त्याला पाण्याबद्दल बोलून भागणार नाही. त्याला माशाच्या वाटेतील बंधाऱ्याबद्दल बोलावे लागेल आणि उतारावरच्या नांगरटीबद्दलही बोलावे लागेल. एका प्राण्याची गरज नीट समजून घेतली की पाणी, जमीन आणि इतर प्राणी यांची वेगवेगळी प्रकरणे करून लिहिलेला आराखडा अपुरा का पडतो, हे आपोआप दिसते. म्हणून मी अमूर्त 'नदी'च्या वतीने बोलण्यापेक्षा निवडक सजीवांच्या वतीने बोलण्याच्या बाजूची आहे.

आता, त्यांचे म्हणणे 'ऐकायचे' कसे? दोन उदाहरणे देते. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात वसंत ऋतूत मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या दिशेने निघतात आणि एका जुन्या जलपाशाच्या, म्हणजे नौकांना एका जलपातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्याच्या, बंद दरवाजाशी अडून थांबतात, कारण त्या दिवसांत नौकांची ये-जा कमी असते आणि दरवाजा क्वचितच उघडला जातो. २०२१ पासून तेथे पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. जगात कोठेही बसून तो पाहणाऱ्या माणसाला मासा दिसला की तो पडद्यावरची घंटी दाबतो, छायाचित्र टिपले जाते, आणि पुरेसे मासे जमल्याचे लक्षात आले की दरवाजा उघडला जातो. उपाय अगदी छोटा आहे. पण त्यात माशाची उपस्थिती थेट दरवाजाच्या हालचालीशी जोडलेली आहे, आणि आपल्या बहुतेक योजनांमध्ये नेमका हाच दुवा नसतो.

दुसरे उदाहरण पोलंडची राजधानी वॉर्सा येथील आहे. तेथील पाणीपुरवठा यंत्रणेत आठ शिंपल्यांच्या कवचांवर संवेदक बसवून त्यांची उघडझाप सतत नोंदवली जाते. पाण्यात काही घातक आले की शिंपले कवच मिटून घेतात; अनेकांनी एकाच वेळी मिटले की धोक्याचा इशारा मिळतो. काही महिन्यांनी त्यांना पुन्हा नदीत सोडले जाते. हे काम कौतुकास्पद आहे, पण याला मी सहभाग म्हणणार नाही. तेथे शिंपला माणसाच्या पाण्याची राखण करतो. शिंपल्याला कसे पाणी हवे, हे तेथे कोणी विचारलेले नाही. 'जैविक निर्देशक' वापरले म्हणजे मानवेतरांना सामावून घेतले, अशी नोंद आराखड्यात होऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : आवर्तन

मी धरणांच्या परिचालनाच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत. तोंडदेखलेपणाबद्दलचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच एका प्रश्नावर लिहितो.

दरवाजाजवळ ड्यूटीवर असलेला माणूस आराखड्याची प्रस्तावना वाचत नाही. त्याच्यासमोर परिचालनाचे वेळापत्रक असते, पाण्याच्या पातळीचा तक्ता असतो आणि वरिष्ठांचा निरोप असतो. माशांची किंवा पक्ष्यांची गरज त्या तक्त्यात आकड्याच्या रूपाने उतरली नाही, तर सभागृहात कितीही उत्कट भाषणे झाली तरी नदीत तसूभरही फरक पडत नाही. त्यामुळे प्रतिनिधीचे पहिले काम तक्त्यातील रकाना मिळवणे हे असले पाहिजे.

त्या रकान्याची जागाही महत्त्वाची आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात 'राखीव पाणी' ही कल्पना आहे. त्यात माणसांच्या मूलभूत गरजेचे पाणी आणि नदीच्या परिसंस्थेला लागणारे पाणी हे दोन्ही वाटपाच्या आधी बाजूला काढायचे असते. शेती, उद्योग आणि वीज यांचे वाटप त्यानंतर सुरू होते. अंमलबजावणीत तेथेही पुष्कळ अडचणी आल्या, परंतु मांडणीचा क्रम योग्य आहे. आपण लिहिलेल्या 'शिल्लक पाणी' या सदराचे उत्तर त्या क्रमात आहे. जे शेवटी मोजले जाते ते दुष्काळात सर्वांत आधी नाहीसे होते.

ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यात वेगळी वाट धरली. तेथे २००७ च्या जल कायद्यानुसार एक पर्यावरणीय जलधारक पद निर्माण झाले आणि शेतकऱ्यांकडे असतात तशाच प्रकारचे पाणीहक्क शासनाने खरेदी करून त्याच्या ताब्यात दिले. म्हणजे पाणथळीचे पाणी त्याच हिशेबवहीत, त्याच नियमांखाली, खातेदाराच्या नावाने जमा होते, आणि ते कोठे व केव्हा सोडायचे हे त्या पदावरील व्यक्ती ठरवते. यावर टीका झाली आहे, हक्कखरेदीमुळे गावांची शेती आक्रसल्याच्या तक्रारी आहेत, आणि त्याच खोऱ्यात २०१८-१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मेनिंडी येथे प्रचंड संख्येने मासे मेले. तरीसुद्धा एखाद्या पक्ष्याच्या विणीसाठी पाणी सोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे असा माणूस तेथे आहे, आणि तो फोन उचलतो, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो.

पक्ष्यांच्या विणीचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण परिचालनातील एक सूक्ष्म बाब त्यातून स्पष्ट होते. शराटीच्या जातीचे पक्षी तेथील पाणथळीत पूर आल्यावर हजारोंच्या संख्येने वसाहती करून घरटी बांधतात. घरट्यांखाली पाणी उभे आहे तोपर्यंत ते अंडी उबवतात आणि पिल्ले वाढवतात. पिल्ले उडण्याच्या आधीच पाणी भराभर उतरू लागले तर प्रौढ पक्षी घरटी सोडून निघून जातात आणि संपूर्ण वसाहतीची वीण वाया जाते. या पक्ष्यांना एकूण किती पाणी मिळाले, यापेक्षा ते किती दिवस टिकले आणि किती वेगाने उतरले, याला अधिक महत्त्व आहे. वार्षिक सरासरीत हे कधीच दिसत नाही. आपल्या मसुद्यात 'किमान प्रवाह' असा एकच आकडा असेल तर तो बदलून चार बाबी लिहा: प्रवाह किती, कोणत्या दिवसांत, किती काळ, आणि चढ-उताराचा कमाल वेग किती. शेवटची बाब बहुतेक ठिकाणी वगळली जाते. वीजनिर्मितीची मागणी ओसरल्यावर विसर्ग एकदम बंद केला की काठालगतच्या उथळ पाण्यातील मत्स्यबीज गोट्यांवर उघडे पडते; तेच काही तासांत हळूहळू कमी केला तर पिल्लांना खोल पाण्याकडे सरकायला अवधी मिळतो. यासाठी मुख्यतः संयम लागतो.

उत्तर ४ : तीरवासी

वरील तिन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. नदीच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो, त्याच्या हाती नदीकाठच्या गरीब माणसांना गप्प करण्याचे साधनही येते. 'माशांच्या हितासाठी' मासेमारीवर बंदी येते, 'जंगलाच्या हितासाठी' गुरे चारणाऱ्यांना हटवले जाते, आणि वरच्या अंगाला असलेला मोठा पाणीवापर मात्र चर्चेलाही येत नाही. आपल्या समितीतील मच्छीमार जर या विषयावर अस्वस्थ असतील, तर त्यांची अस्वस्थता गैरसमजातून आली आहे असे समजू नका.

व्हांगानुईच्या कायद्यामागे शतकाहून अधिक काळ चाललेला माओरी समाजांचा लढा आहे, आणि 'मी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी' असे ते मानतात. त्यांच्या दृष्टीने नदीचा हक्क हा काठच्या माणसांविरुद्धचा हक्क नव्हताच. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये आत्रातो नदीला हक्कधारक ठरवले, तेव्हा बेकायदा सोन्याच्या खाणींमुळे आणि पाऱ्यामुळे नदी आणि काठचे समाज एकाच वेळी उद्ध्वस्त होत होते. म्हणून रक्षकांमध्ये शासनाबरोबर त्या समाजांचेही प्रतिनिधी घेतले गेले. अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत काढून टाकण्यात आली आणि त्याच शरद ऋतूत सॅमन मासे धरणांच्या जागा ओलांडून वर गेले. त्यामागे युरोक, कारुक आणि इतर मूलनिवासी समाजांचा दोन दशकांहून अधिक काळचा आग्रह होता. मासा परत यावा ही मागणी आणि माशावर जगणाऱ्यांचा हक्क तेथे एकाच मागणीत होते.

म्हणून प्रतिनिधी केवळ तज्ज्ञांमधून निवडू नये. डोहाकाठी यांच्यासारखी अभ्यासक असावीच, पण तिच्या जोडीला त्या सजीवाशी ज्याचा रोजचा संबंध येतो असा माणूसही असावा, आणि दोघांचे मत जुळले नाही तर दोन्ही मते इतिवृत्तात जशीच्या तशी नोंदवावीत.

त्रासदायक प्राण्यांबद्दल एक शब्द. मानवेतरांना सामावून घेणे म्हणजे फक्त देखण्या पक्ष्यांना सामावून घेणे असे होऊ नये. जर्मनीतील बव्हेरियात १९६६ पासून बीव्हर हे झाडे कुरतडणारे, पाण्याकाठी राहणारे प्राणी पुन्हा सोडले गेले. ते बंधारे बांधतात, पाणथळी तयार करतात, आणि शेतात पाणीही शिरवतात. तेथे प्रशिक्षित स्वयंसेवी सल्लागारांची फळी उभी आहे. शेतकऱ्याने कळवले की सल्लागार बांधावर येतो, बीव्हरच्या बंधाऱ्यातून नळ टाकून पाण्याची पातळी खाली ठेवता येईल का ते पाहतो, झाडांना जाळी बसवतो, आणि नुकसान झालेच असेल तर भरपाईचा मार्ग दाखवतो. प्राण्याला स्थान देण्याचा खर्च एकट्या शेजाऱ्याच्या पदरी टाकला, तर तो शेजारी त्या प्राण्याचा वैरी होतो आणि त्याला दोष देता येत नाही.

प्रतिसाद : समन्वयिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. 'आवर्तन' यांच्या उत्तरामुळे मसुद्यातील किमान प्रवाहाचे कलम पुन्हा लिहावे लागणार, हे स्पष्ट झाले आहे, आणि 'तीरवासी' यांचा इशारा मी मच्छीमार सदस्यांना वाचून दाखवणार आहे.

माझा दुसरा प्रश्न मात्र अजून उभा आहे. आमच्या खोऱ्यातील एका जुन्या, निकामी बंधाऱ्याबद्दल वाद आहे. तो काढला तर स्थलांतर करणारे मासे वर जाऊ शकतील. पण खालच्या भागात बाहेरून आलेली एक आक्रमक जात पसरलेली आहे आणि तो बंधाराच तिला अडवून धरतो आहे. दोन्ही बाजूंनी सजीवच आहेत. येथे प्रतिनिधी कोणाच्या बाजूने बोलणार?

उत्तर ५ : डोहाकाठी

तुमच्यासमोरचा पेच जगभरातील अनेक नद्यांवर आहे आणि त्याला सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. समुद्री लॅम्प्रे या एकाच, सापासारख्या लांबट आणि इतर माशांना चिकटून जगणाऱ्या प्राण्याचे उदाहरण पाहा. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत तो कालव्यांच्या वाटेने शिरला, १९३० च्या दशकाच्या अखेरीस वरच्या सरोवरांपर्यंत पोहोचला आणि तेथील ट्राउट माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषू लागल्याने मासेमारी कोसळली. त्याला रोखण्यासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० च्या दशकात संयुक्त आयोग स्थापन केला. आजही उपनद्यांवरचे अडथळे जपून ठेवले जातात आणि त्याच्या अळ्या मारणारे रसायन पाण्यात सोडले जाते. हाच प्राणी पोर्तुगालच्या नद्यांत मूळचा आहे, तेथे तो बंधाऱ्यांमुळे घटला, आणि मोंडेगो नदीवर त्याला वर जाता यावे म्हणून खास मत्स्यमार्ग बांधला गेला. प्राणी एकच, पण एका नदीत त्याच्यासाठी वाट केली जाते आणि दुसरीत वाट बंद केली जाते. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत.

यावरून माझे मत असे बनले आहे की एकाच प्रतिनिधीवर 'निसर्गाची बाजू' मांडण्याचा भार टाकू नये. तुमच्या बंधाऱ्याच्या प्रश्नावर स्थलांतर करणाऱ्या माशांची बाजू एकाने मांडावी, बंधाऱ्याच्या वर सुरक्षित राहिलेल्या स्थानिक जातींची बाजू दुसऱ्याने मांडावी, आणि दोघांनी परस्परांच्या पुराव्यांना खुलेपणाने आव्हान द्यावे. आक्रमक जातीची बाजू कोणी मांडावी असे मी म्हणणार नाही. पण तिला मारण्याचा किंवा अडवण्याचा निर्णय झाला तर तो लपवून, 'स्वच्छता' वगैरे शब्दांखाली झाकून घेतला जाऊ नये. समितीने त्यात जीव जाणार आहेत हे ठरावात लिहावे, वेदना कमीत कमी होईल अशी पद्धत निवडावी आणि काही वर्षांनी त्या निर्णयाचा फेरविचार करण्याची तारीख आताच ठरवावी.

व्यवहारात मधला मार्गही शोधता येतो. काही ठिकाणी अडथळ्याजवळ मासे सापळ्यात घेऊन, जात ओळखून, हव्या त्या माशांना हाताने वर सोडले जाते. हे काम कष्टाचे आहे, दर हंगामात माणसे लागतात, आणि माशांनाही हाताळणीचा त्रास होतो. पण बंधारा काढणे हा मागे फिरवता न येणारा निर्णय आहे, आणि आक्रमक जात एकदा वर पोहोचली की तिला परत खाली आणता येत नाही. त्यामुळे वरच्या भागातील स्थानिक जातींचे सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत मी हाच मार्ग सुचवीन.

उत्तर ६ : विधिपक्ष

चर्चेत आलेल्या मुद्द्यांवरून आपल्या कार्यपद्धतीसाठी कलमाचा एक कच्चा मसुदा देतो. भाषा आपण हवी तशी बदलावी.

'या आराखड्याखालील कोणताही विसर्ग, साठा, उपसा, बांधकाम किंवा जमीनवापरातील बदल मंजूर करण्यापूर्वी, परिशिष्टात नमूद केलेल्या प्रत्येक सजीवासाठी नेमलेल्या दोन प्रतिनिधींचे लेखी म्हणणे समितीसमोर ठेवले जाईल. ते म्हणणे मान्य न केल्यास समिती त्याची कारणे लेखी देईल आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध करील. मान्य झालेली प्रत्येक अट प्रवाह, दिवस, कालावधी आणि चढ-उताराचा वेग या स्वरूपात परिचालन वेळापत्रकात नोंदवली जाईल. अटीचे पालन न झाल्यास त्याचा खुलासा पुढील सभेत करणे संबंधित यंत्रणेवर बंधनकारक राहील.'

यात मतदानाचा हक्क मी मुद्दाम घातलेला नाही. अनेक सदस्यांच्या समितीत एक-दोन मते सहज बाजूला पडतात आणि मग 'नदीलाही मत दिले होते' असे म्हणायला सर्व मोकळे होतात. लेखी कारणे देण्याचे बंधन समितीला अधिक जड जाते, आणि वाद पुढे न्यायालयात किंवा वरिष्ठ प्राधिकरणाकडे गेला तर तीच कारणे तपासली जातात.

परिशिष्टातील यादी मात्र छोटी ठेवा. पुढील सभेत यादी ठरवताना प्रत्येक सदस्याला एकच प्रश्न विचारून पाहा: या खोऱ्यातील कोणता सजीव नाहीसा झालेला तुम्ही स्वतः पाहिला आहे? ती उत्तरे डोहाकाठी यांच्यासारख्या अभ्यासकांसमोर ठेवली, तर प्रवाह, गाळ, काठची झाडे आणि स्थलांतराची वाट यांपैकी प्रत्येकावर अवलंबून असलेला एक तरी सजीव यादीत येईल, याची खात्री त्यांना करून घेता येईल.